पोटाकडचे खवले

राहीबाईला पसंत पडणारी माणसं जगात फारशी नव्हती, आणि जी होती त्यातली बहुतेक वारली होती. उरलेल्यांना ती रोज सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत बसल्या जागेवरून नापास करत असे. जागा म्हणजे तिचा ओटा. भिवंडीत धामणकर नाक्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या मच्छी बाजारात, दारातून आत शिरलं की डाव्या हाताचा पहिला. आधी तिथे तिची सासू बसायची, आणि सासू गेल्यावर तीस वर्षं ती. दाराशीच असल्यामुळे बाजारात पाय टाकणारं प्रत्येक माणूस आधी तिच्या नजरेखालून जायचं. नाकाला रुमाल लावून येणारा पॉवरलूमचा मालक नापास. कल्ला उघडून न बघताच भाव विचारणारी नव्या बिल्डिंगमधली बाई नापास. आतल्या बाजूला तळ्यातला रोहू-कटला विकणारे तर तिच्या लेखी मासे विकतच नव्हते. त्या मालाला ती 'चिखलातली भाजी' म्हणायची, आणि ती भाजी तिच्या रावसापेक्षा चौपट खपायची म्हणून तर आणखीच म्हणायची.

पण या सगळ्यांच्या वाट्याला जेवढा तिरस्कार येई त्याहून जास्त एकट्या केसरीनाथच्या वाट्याला येई. केसरीनाथ म्हात्रे हा तिच्याच, कोन गावचा. नात्याने पुतण्या लागायचा, लांबचा. त्याच्या बापाबरोबर राहीबाईच्या नवऱ्याने खाडीत जाळी ओढली होती, आणि बाप खरा दर्यावर्दी होता हे ती आजही कबूल करायची. मुलाचं काय? शेतावर गोडाऊन उभी राहिली आणि हा पांढरे कपडे घालायला लागला. गळ्यात साखळी आली, बोटांत अंगठ्या आल्या, मग एका ट्रॉलरमध्ये भागीदारी आली आणि शेवटी मच्छी बाजाराच्या कमिटीचं अध्यक्षपद आलं. ट्रॉलरच्या पूजेला तो एकदाच बोटीवर चढला होता आणि बोट धक्क्याला बांधलेली असतानाच त्याला ओकारी आली होती. ही गोष्ट राहीबाईने बाजारात निदान शंभर वेळा सांगितली असेल. केसरीनाथने ती शंभर वेळा ऐकली असेल आणि शंभर वेळा हसून सोडून दिली असेल, कारण तो स्वभावाने वाईट नव्हता. तिला त्याचा तोही राग होता. धड वाईटही होता येत नाही मेल्याला.

दोघांचं भांडण होतं रावसावरून.

गेली चार-पाच वर्षं भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या टेम्पोत रावस लहान लहान होत चालला होता. पूर्वी एक रावस कापला की तीन घरं जेवायची. आता पाटीत हातभर लांबीचाही मिळाला तर ओट्यावरच्या बायका वळून बघायच्या. गिऱ्हाईकाला यातलं काय कळणार? त्याला वाटायचं, म्हातारी फसवते.

"मौसी, ये तो बच्चा है," लूमवरून ड्युटी संपवून आलेला एक जण एकदा म्हणाला.

"बच्चा तेरे कू दिखता है," राहीबाई म्हणाली, "सरकार कू नहीं दिखता, तो मैं क्या करूँ?"

तिचं म्हणणं सरळ होतं. समुद्रात रावस मोठा होऊच देत नाहीत. ट्रॉलरवाले बारीक डोळ्याची जाळी लावून पोरंसुद्धा ओढून काढतात, आणि हे थांबवलं नाही तर आणखी दहा वर्षांनी रावस फक्त नावाला राहील. हे ती ओरडून सांगायची, आणि सांगताना केसरीनाथच्या खुर्चीकडे बघून सांगायची. खुर्ची बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, पंख्याखाली होती.

"काकी, तुजे डोले गेलेत," केसरीनाथ तिथून म्हणायचा. "रावस हाय तसाच हाय. म्हातारपनी सगलाच बारीक दिसतंय."

बाजार हसायचा. शेजारच्या ओट्यावरची ठमाबाईसुद्धा हसायची, जिने तीस वर्षं राहीबाईचा चहा फुकट प्यायला होता. खोटी ठरवली गेली की राहीबाईला जेवण जात नसे. तिला गरीब म्हणा, तोंडाळ म्हणा, चालायचं. पण माशाच्या बाबतीत तिचा शब्द खोटा म्हणणं म्हणजे ती कोणीच नाही असं म्हणण्यासारखं होतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत मृणाली आली. मुंबईच्या कुठल्या तरी संस्थेतली, माशांवर संशोधन करणारी पंचविशीची मुलगी. पायात बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत छोट्या छोट्या खाकी पाकिटांचा गठ्ठा. राहीबाईने तिला दारातच नापास केलं, कारण ती ओल्या फरशीवर घसरली आणि आधारासाठी तिने नेमका सुरमईच्या ढिगावर हात ठेवला.

पण मुलगी जे बोलली ते ऐकून राहीबाईचा कोयता हातात तसाच राहिला.

"मावशी, माशाचं वय त्याच्या खवल्यावर लिहिलेलं असतं," मृणाली म्हणाली. तिने पिशवीतून भिंग काढलं आणि एक खवला उजेडाकडे धरला. "या रेषा बघा. मासा वाढतो तसा खवलाही वाढतो, आणि एकेक रेषा पडत जाते. खाणं भरपूर असलं की रेषा लांब लांब. वाढ मंदावली की जवळ जवळ. अशा दाट रेषांचं एक कडं झालं की आम्ही ते मोजतो. आपल्याकडच्या पाण्यात ते मोजणं सोपं नाही, पण पुष्कळ खवले मिळाले तर समुद्रातून निघणारा मासा किती वयाचा आहे ते सांगता येतं. सगळे कोवळेच निघाले तर समजायचं, जास्त उपसा चाललाय."

राहीबाईने भिंग हिसकावून घेतलं. बराच वेळ बघितलं. तीस वर्षांत तिने लाखो खवले कोयत्याने उडवले होते, केसांतून वेचले होते, चोळीतून झटकले होते. त्यावर काही लिहिलेलं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला एकदम पोरगी आवडली. म्हणजे तिच्या मानाने आवडली.

"केसरी!" ती बाजारभर ऐकू जाईल अशी ओरडली. "इकडं ये. ही पोर कागदावं लिवून देनार हाय, रावस मोटा क पोर!"

केसरीनाथ आला. त्याने मृणालीला आधी चहा मागवला, मग आपण अध्यक्ष असल्याचं सांगितलं, मग खवल्याचं ऐकून घेतलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "चांगला हाय की. येऊ दे कागद. काकीचा तोंड तरी बंद होईल."

"माजा तोंड?" राहीबाई उभी राहिली. "ऐक सगल्यांनी. कागदावं रावस वयात आलेला निघला त मी ह्यो ओटा सोडीन. कायमचा. आन पोर निघला त तू ती खुर्ची सोड. हाय कबूल?"

ओटा सोडणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. दाराशी पहिला ओटा पुन्हा जन्मात मिळत नाही. पण चाळीस जणींच्या समोर केसरीनाथ मागे सरणार कसा? त्याने "कबूल" म्हणून टाकलं आणि लगेच घड्याळात बघितलं.

मृणालीने चाळीस पाकिटं राहीबाईला दिली, चाळीस केसरीनाथला. एक पाकीट म्हणजे एक मासा. पाकिटावर तारीख लिहायची, माशाची लांबी लिहायची आणि आत पाच-सहा खवले घालायचे. "फक्त एक लक्षात ठेवा," ती दोघांना म्हणाली. "खवले इथूनच काढायचे, पाठीवरच्या पराच्या खाली, खांद्यापाशी. दुसरीकडचे नकोत." तिने रावसावर बोट ठेवून जागा दाखवली. केसरीनाथ तेव्हा मोबाइलवर बोलत होता. राहीबाईने नीट बघितलं होतं.

आणि खरं सांगायचं तर इथेच राहीबाईने घाण केली. पहिल्या दिवशी तिने सांगितलेल्या जागेवरून खवले काढले. मासा ओट्यावर मांडला. पाठीवर खांद्यापाशी नखाएवढा उघडा चट्टा दिसायला लागला. दोन गिऱ्हाइकांनी तो उचलला, चट्टा बघितला, शिळा असेल म्हणून खाली ठेवला. माशाची पाठ चकचकीत पाहिजे, खवला अंगाला घट्ट पाहिजे, हे भिवंडीतल्या लहान पोराला कळतं. आणि ते कळायला राहीबाईनेच त्यांना शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मासा उलटा केला आणि पोटाकडचे खवले काढले. पोट खालीच राहतं, कोणी बघत नाही. खवले ते खवले, ती मनाशी म्हणाली. माशाचं वय काय पाठीला वेगळं आणि पोटाला वेगळं असतं?

असं तिने एकोणचाळीस माशांचं केलं. लांबी मात्र पट्टीने मोजली, एक सूतही इकडचं तिकडे नाही. चौथीपर्यंत शाळा झालेली होती. तारखा, आकडे सुरेख अक्षरात लिहिले. पाकिटं भरताना ती केसरीनाथकडे बघून कुत्सित हसायची, कारण त्याची चाळीस पाकिटं कमिटीच्या टेबलावर पेपरवेटखाली तशीच कोरी पडलेली होती. जानेवारी गेला, मार्च गेला. अध्यक्षांना वेळ नव्हता. मे महिन्यात त्यांच्या मुलीची, उन्नतीची हळद होती.

त्या हळदीला राहीबाई गेली. सगळं कोन गेलं होतं. गोडाऊनच्या पैशाने घातलेला मांडव, भिंतीएवढे स्पीकर, मटणाच्या पातेल्यांची रांग, आणि मधोमध बर्फावर एक रावस. असा रावस तिने दहा वर्षांत बघितला नव्हता. केसरीनाथच्या भागीदाराने गुजरातकडून मुद्दाम मागवला होता. पाहुणे त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते. राहीबाईने दोन तुकड्या खाल्ल्या, मासा उत्तम आणि मसाला फुकट गेला असं ठमाबाईला सांगितलं, आणि गाणी सुरू व्हायच्या आत घरी गेली.

त्यानंतर आठवड्याने मृणाली येऊन दोघांची पाकिटं घेऊन गेली. केसरीनाथची चाळीसही भरलेली होती. राहीबाईला आश्चर्य वाटलं, पण तिने विचारलं नाही. त्याला काही विचारणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं.

पावसाळ्याची मासेमारी बंदी आली, उठली. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मृणाली परत आली. बाजार आवरत होता. ती थेट राहीबाईच्या ओट्यापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशी, निकाल तुमच्या विरुद्ध जातोय."

"क म्हनजे?"

"केसरीनाथ साहेबांच्या चाळीस पाकिटांतले सगळे मासे साडेचार वर्षांचे निघाले. एका दिवसात एवढे मोठे चाळीस मासे उतरले म्हणून आमचे सर खूश आहेत. अहवालात लिहिणार आहेत की या भागात रावस भरपूर वाढतोय, काळजीचं कारण नाही." तिने पिशवीतून मोठे करून छापलेले फोटो काढले. "मलाही पटत नाहीये. पण खवले तर खरे आहेत."

राहीबाईने हात पदराला पुसले आणि फोटो ओट्यावर मांडले. एक, दोन, पाच, दहा. तिला वर्ष-बिर्ष मोजता येत नव्हतं. पण मासा ओळखता येत होता. पहिलं कडं रुंद. मग दोन एकमेकांना चिकटून. मग एक तुटलेलं, जसं कोणी मध्येच बोलायचं थांबावं. मग कडेला परत रुंद. दुसऱ्या फोटोत तेच, तिसऱ्यातही तेच, आणि तुटलेलं कडं नेमकं तिथेच तुटलेलं.

"पोरी," ती म्हणाली, "ह्ये चालीस मासे न्हाय. ह्यो एकच मासा हाय."

मृणालीने फोटो उचलले, दोन-दोन शेजारी धरले, आणि तिच्या तोंडचा रंग उडाला. एवढं शिकलेली, आणि तिच्या सरांचं तर विचारूच नका. चाळीस माणसं एकाच तोंडाची दिसली तर शेंबडं पोरसुद्धा विचारेल, पण मोठ्या संस्थेतल्या मोठ्या साहेबाला चाळीस सारखे खवले बघून आनंद झाला होता.

"तारीक क लिवलीय?"

"सगळ्यांवर एकच. चौदा मे. आणि लांबी सगळ्यांची अडतीस इंच. सर म्हणाले, व्यापारी माणूस, अंदाजाने लिहिलं असेल."

चौदा मे म्हणजे उन्नतीची हळद. राहीबाईला इतकं हसू आलं की ठमाबाई कोयता टाकून बघायला आली. केसरीनाथही आला, मृणालीला बघून, मागे कमिटीची दोन माणसं घेऊन. निकालाची कुणकुण त्याला लागली होती, कारण त्याने येतानाच विचारलं, "मंग काकी, ओटा कधी खाली करतेस?"

"आधी सांग, हलदीच्या रावसाचे खवले किती पाकिटांत घातलेस?"

केसरीनाथला प्रश्नच कळला नाही. "सगल्यांत," तो अगदी मोकळेपणाने म्हणाला. "पाकिटा पडून व्हती. मांडवात बायका पानसुपारीच्या पुड्या बांधत व्हत्या, त्यांच्याच पुढं टाकली. चालीस पाकिटा धा मिनटांत भरली. एका रावसाला हजार खवले असतात काकी, त्यासाठी चालीस मासे कशाला खराब करायचे? खवले त खवले."

आणि तो सगळ्यांकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत राहिला. मृणालीने कपाळाला हात लावला. आधी ठमाबाई हसली, मग पलीकडची, मग रोहू-कटलावालेसुद्धा. अख्खा बाजार अध्यक्षांना हसला. त्यांना सगळ्यांना कळलं होतं, फक्त त्यालाच कळत नव्हतं, आणि हे बघून राहीबाईला तीस वर्षांची भूक भागल्यासारखं वाटलं. फक्त 'खवले ते खवले' हे शब्द तिच्या कानात कुठेतरी अडकून बसले. ते तिने आधी ऐकले होते. स्वतःच्याच तोंडून.

"म्हंजे राही जिंकली!" ठमाबाई ओरडली. "केसरी, खुर्ची सोड!"

केसरीनाथचा चेहरा पडला. "थांबा, थांबा," तो म्हणाला. "माजी पाकिटा बाद झाली त झाली. हिच्या पाकिटांत क निघला? मॅडम, सांगा."

मृणालीने राहीबाईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते राहीबाईने ताबडतोब वाचलं, कारण ते डोळे तिची कीव करत होते.

"त्यांच्या पाकिटांची... तपासणी अजून चालू आहे," मृणाली म्हणाली.

"खोटा नको बोलू," राहीबाई हळूच म्हणाली. "क निघला?"

मृणाली तिच्या कानाशी वाकून कुजबुजली. "मावशी, पोटाकडचे काढलेत ना? पोट घासतं, जाळ्यात खरडतं, तिथला खवला पडतो आणि जागी नवा येतो. नव्या खवल्याच्या मध्यभागी आधीची वर्षं नसतात. कोरं असतं. तुमच्या चाळीसपैकी एकच पाकीट वाचता आलं, पहिल्या दिवसाचं. तो मासा एका वर्षाचाही नव्हता. पण एका माशावर मला काहीच लिहिता येत नाही." मग ती घाईघाईने म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. त्यांची पाकिटं खोटी ठरली एवढं पुरे आहे. तुमचा ओटा तुमच्याकडेच राहील."

बाजाराला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ठमाबाई खुर्चीच्या नावाने अजून ओरडत होती. राहीबाईने फक्त गप्प बसायचं होतं. तिचा ओटा राहत होता, केसरीनाथची खुर्ची जात होती. आणि जे ती पाच वर्षं ओरडत होती ते खरंही होतं. एका पाकिटाने तरी ते सांगितलं होतं. बाकीच्या एकोणचाळिसांनीही तेच सांगितलं असतं, जर दोन गिऱ्हाइकांनी मासा खाली ठेवला म्हणून तिचा जीव खालीवर झाला नसता. आता अहवालात भिवंडीच्या नावापुढे 'माहिती नाही' अशी रेघ येणार होती, आणि ट्रॉलर रावसाची पोरं ओढत राहणार होते.

"ए ठमे, गप," ती म्हणाली. मग आवाज चढवला, नेहमीचा, दारापासून पंख्यापर्यंत पोचणारा. "ऐका. ह्या शेठनी एका रावसाचे चालीस केले. मी चालीस रावसांचा एक केला. हिनी सांगितला व्हता खांद्याचा खवला काढ. मी पोटाचा काढला, गिऱ्हाईक जाईल म्हनून. मना कललेला व्हता, तरी काढला. ह्याला त कललाच नव्हता. म्हनजे याच्यापेक्षा मी जास्त नालायक. माजी पन पाकिटा बाद."

ठमाबाईने उगाच फरशीवर पाणी ओतलं.

राहीबाईने कोयता उचलून पाटीत घातला. उरलेले मासे वर रचले, पट्टी ठेवली, ओट्यावर बादली रिकामी करून तो हाताने स्वच्छ चोळला.

केसरीनाथ पुढे आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मेला स्वभावाने वाईट नव्हताच. "काकी, बस गं," तो म्हणाला. "चुकी सगल्यांची व्हते. तुजी झाली, माजी झाली. मी क खुर्ची सोडतंय? मंग तू कशाला उठतेस?"

राहीबाईने पाटी डोक्यावर घेतली आणि त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

"तू न्हाय सोडनार, ता मना ठाव हाय," ती म्हणाली. "म्हनून त मी उठतंय."